वृक्षतोड निरंक

माघ लागला की आबाजी आठ दिवस आपली वाट बदलायचा.

एरवी वर्षभर तो सकाळी घरातून निघे, पाणवठ्यावरून माथ्याला चढे आणि उतारावरच्या ऐनाच्या झाडांखालून परत येई. माघातले आठ दिवस मात्र कड्याच्या अंगानं, पार पलीकडून जायचा. दीड कोस जास्त पडायचं, गुडघे बोलायला लागायचे, पण जायचा. कारण त्या आठ दिवसांत उतारावरच्या ऐनांवर त्याची बायको चढलेली असे. अभयारण्याच्या रखवालदारानं स्वतःच्या बायकोला झाडावर कोयता चालवताना बघितलं असतं तर त्याला ते वहीत लिहावं लागलं असतं. बघितलंच नाही तर लिहायचं काय? अठ्ठावीस वर्षं हे असं चाललं होतं.

धामणवाडी म्हणजे कशेळ्याहून जीप जिथवर येते तिथून पुढे अर्धा तास चढण. आबाजी तिथला रोजंदारीवरचा वनमजूर. वनरक्षक दर तीन वर्षांनी बदलून जात, आबाजी तिथंच असे, म्हणून बीटाची, म्हणजे त्या राखणीच्या हद्दीची, वहीही तोच लिही. सातवी शिकलेला माणूस, अक्षर वळणदार. दर महिन्याच्या शेवटी तो लिहायचा : अतिक्रमण निरंक, वणवा निरंक, वृक्षतोड निरंक. ही वही त्याचा मोठा अभिमान होती. लग्नकार्यात कुणी विषय काढायचा अवकाश, तो म्हणायचा, "माज्या बीटात पान तुटत नाय."

पंगतीत वाढणारी इंदूबाई तेव्हा पदर सारखा करून पुढच्या पानाकडे वळायची.

सात ऐन होते. लग्नानंतरच्या पहिल्या माघात सासूनं तिला उतारावर नेऊन दाखवले होते. "हे आपलं. टहाळ तोडायचा, पर शेंड्याला हात लावायचा नाय. आन एका झाडावर दोन वर्सं लागोपाठ कोयता चालवायचा नाय." एवढंच शिक्षण. तोडलेला टहाळ, म्हणजे पानांच्या डहाळ्या, वाळवायचा, चैत्रात भाताच्या रोपाच्या जागेवर शेणगवताबरोबर पसरायचा, वर माती टाकून भाजायचा. राब तो हाच. राबावरचं रोप नुसतं ओढलं तरी मुळासकट हातात येतं आणि त्यात तण शोधून सापडत नाही. गावानं गोणीतलं खत आल्यावर राब सोडला. इंदूबाईनं सोडला नाही.

पहिली सात वर्षं आबाजी झाडावर चढला. मग त्याला जंगलखात्यात काम लागलं आणि झाडावर इंदूबाई गेली. गावात बाया झाडावर चढत नाहीत. सुरुवातीला फार थट्टा झाली. "आबाजी जंगल राखतो आन बायकू फांद्या," असं म्हणून बाया पाणवठ्यावर हसायच्या. तीही हसायची. कंबरेला आकडी बांधून, तीत कोयता अडकवून, काष्टा घट्ट करून ती वर जायची. सात झाडांना तिनं नावंसुद्धा ठेवली होती. जवळजवळ उभे होते ते दोन सासू आणि सून, वाकलेला होता तो कुबडा. एकाचं नाव वैरी. अकरा वर्षांपूर्वी त्यानं तिला खाली टाकलं होतं. डावं मनगट मोडलं. कर्जतच्या डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? ती तोंड उघडायच्या आत आबाजी म्हणाला, "इहिरीवर पाय सरकला." डॉक्टरनं तसंच लिहिलं. हात वाकडाच जुळला. त्या सात झाडांच्या कामाचा तेवढाच एक पुरावा तिच्यापाशी होता आणि तोही विहिरीच्या नावावर लागला.

मार्गशीर्षात पाहणीचं पथक आलं. अभयारण्यं ठरवण्याचे नियम बदलले होते. जुन्या सगळ्या हद्दी पुन्हा तपासायच्या, कुठे काय जगतंय, कुठे कोण काय नेतंय ते लिहायचं आणि नवा नकाशा करायचा होता. एक साहेब, यंत्रं घेतलेली दोन मुलं आणि सिद्रा. सिद्रा म्हणजे कशेळ्यात झहीरभाईंचं लोखंडी सामानाचं दुकान आहे, त्यांची मुलगी. झाडांचंच शिकलेली. इंदूबाईचा कोयता याच दुकानातून आलेला.

आबाजी तीन दिवस त्यांना फिरवत होता. सांबराची वाट, शेकरूची घरटी, गिधाडं पूर्वी बसायची तो कडा, सगळं त्यानं दाखवलं. साहेब खूश होता. तिसऱ्या दिवशी उतारावर पथक जेवायला बसलं. इंदूबाई भाकऱ्या आणि वालाची भाजी घेऊन वर आली होती.

सिद्रा जेवता जेवता उठली आणि ऐनांखाली जाऊन उभी राहिली. तिनं एका बुंध्यावर हात ठेवला. तो कुबडा होता.

"काका, ही सात झाडं बाकीच्यांसारखी नाहीत. बघा ना, फांद्या सगळ्या गाठींतून फुटल्यात. इथं वर्षानुवर्षं टहाळ तोडलाय कुणीतरी."

आबाजीच्या हातातला घास हातातच राहिला. साहेब त्याच्याकडे बघत होता.

"वारा लय असतो हितं," आबाजी म्हणाला.

"वारा सातच झाडांना मोडतो?"

"वारा तो, त्याला कोन इचारनार?"

यंत्रवाली मुलं हसली. सिद्रा हसली नाही. जवळ येऊन उकिडवी बसली. "काका, लोक इथून काही नेत असतील तर मला लिहायचंय. वाईट म्हणून नाही. नेतात, एवढंच लिहायचंय."

आता आबाजीला काय काय आठवलं असेल! मोळीभर लाकडं नेली म्हणून एका साहेबानं गावच्या म्हाताऱ्याला चौकीसमोर कान धरून उभं केलं होतं. कोयते जप्त झाले होते. आणि याच वर्षी कायम करायच्या मजुरांच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. अठ्ठावीस वर्षांनी. तो साहेबाकडे बघत ठामपणे म्हणाला, "माज्या बीटात पान तुटत नाय, बाय."

इंदूबाई पाण्याची कळशी घेऊन मागेच उभी होती. तिनं डावा हात पदराखाली घेतला.

सिद्रानं क्षणभर वाट बघितली आणि लिहिलं : मानवी वापर, नाही.

संध्याकाळी चुलीपुढं बसून इंदूबाई म्हणाली, "बरं बोललात. मला तर धडकीच भरली व्हती." आणि तिला खरोखरच तसं वाटत होतं. दोघांनाही वाटलं की आपण वाचलो. त्या रात्री दोघं समाधानानं जेवली, हे नंतर आठवलं की आबाजीला अन्न गोड लागत नसे.

त्या माघात सासू, कुबडा आणि वैरी यांची पाळी होती. आबाजी कड्याच्या वाटेनं गेला आणि इंदूबाई झाडावर. चोपन्नाव्या वर्षी झाडावर चढायचं म्हणजे मांड्या थरथरतात. वाकड्या हाताला जोर नाही, म्हणून ती फांदीला कोपराची मिठी घालायची आणि उजव्या हातानं कोयता चालवायची. खाली टहाळ पडायचा तो सपसप आवाज दुपारपर्यंत चालायचा. मग भारे बांधून डोक्यावरून उतार उतरायचा. आठ दिवसांत बेचाळीस भारे झाले. वैऱ्यावरून उतरताना ती त्याला म्हणाली, "औंदा शाना झालास बरं." चैत्रात तिनं राब रचला, वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवला आणि धूर डोळ्यांत घेत दिवसभर काठीनं सारखा करत बसली. हा शेवटचा आहे, हे तिला कळायला हवं होतं. कळलं असतं तर ती जरा सावकाश उतरली असती त्या झाडावरून.

वैशाखात नकाशा आला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो चिकटवायचं काम आबाजीलाच मिळालं. इंदूबाईनं मैद्याची खळ शिजवून दिली, वर म्हणाली, "गुठळ्या नायत हां, नीट लावा." आबाजीनं नकाशा ओलाकच्च पसरवला, हातानं सुरकुत्या काढल्या आणि मग वाचायला लागला. लाल म्हणजे गाभा, तिथं खात्याच्या माणसाशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, कडेनं चर आणि तार. पिवळा म्हणजे जिथं लोकांचा वापर आढळला, तिथं ठरवून दिलेला वापर चालू राहील. पलीकडच्या ठाकरवाडीचा सगळा उतार पिवळा होता. त्यांनी बेधडक सांगितलं होतं, आम्ही नेतो, आमचे आजे न्यायचे. त्यांना ना नोकरी होती ना वही.

सात ऐनांचा उतार लाल होता. आबाजीनं बोटाला लागलेली खळ धोतराला पुसली आणि पुन्हा वाचलं. लालच होता.

दुसऱ्या दिवशी तो कशेळ्याला गेला. झहीरभाईंनी स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. सिद्रा आतून आली. त्याचा चेहरा बघूनच तिला समजलं असावं. तरी त्यानं इंदूबाईच्या टहाळाचं, पाळीचं, शेंड्याचं सगळं सांगितलं.

"मी विचारलं होतं ना काका," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "तेव्हा बोलला असतात तर तो तुकडा पिवळा झाला असता. नियम बदललेत. आधी नेणारा चोर ठरायचा. आता नेणाऱ्याचं नाव लिहून घेतात, किती न्यायचं ते ठरवतात. एक वर्षाआड तोड, शेंडा राखायचा, असं करणारी माणसं तर हवीच आहेत त्यांना."

"मला कोनी सांगितलं नाय."

"मी सांगत होते."

"तू सांगत व्हतीस. पर बाजूला सायेब बसला व्हता," आबाजी म्हणाला. "बाय, माजं आयुष्य तेच्याकडं बघून बोलन्यात ग्येलं."

झहीरभाई तराजूकडे बघत बसले. सिद्रानं सांगितलं की साठ दिवसांत हरकत घेता येते. काकूंच्या नावानं अर्ज करू. पण सुनावणीला बीटाची वही मागतील. "तुम्हाला उभं राहून सांगावं लागेल, की वहीत लिहिलं ते खरं नव्हतं."

चहा तसाच राहिला.

घरी येऊन त्यानं ओटीवर बसूनच सगळं सांगितलं. इंदूबाई नाचणी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"म्हंजे खरं बोललो असतो तर वाचलो असतो?"

"हां."

"मंग तुमी का नाय बोललात?"

"तू बी व्हतीस की तितं!" तो खेकसला.

"मला कुनी इचारलं?" इंदूबाई म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

आबाजी उठून गोठ्याकडे गेला. 

रविवारी साईराज आला. त्यांचा एकुलता मुलगा, साजगावच्या कारखान्यात कामाला. त्यानं सिद्रानं इंदूबाईच्या नावानं करून दिलेल्या अर्जाची नक्कल वाचली आणि कपाळाला हात लावला. "आई, अगं युरियाच्या दोन गोणी मी आणून टाकतो. सात झाडांसाठी बाबांचं नाव घालवायचं? यादीत लागलंय ते!"

"सात झाडं नायत ती."

"मग काय आहेत?"

 तिनं वाकड्या हाताकडे बघितलं, मग पोराच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "जेव तू."

त्यानंतर दोघा नवरा-बायकोत बोलणं सुटलं. भांडण असं नव्हतं. ती वाढायची, तो जेवायचा. शेतात भाजणीच्या जागेवर रोप लुसलुशीत उठलं, काळपट हिरवं. ती लावणीला गुडघाभर चिखलात दिवसभर वाकलेली असायची. जुड्या बांधताना वाकड्या हातात दोर धरायची आणि दातांनी गाठ मारायची. आबाजी बांधावरून बघायचा. हा हात इतकी वर्षं त्याच्या शेजारी जेवत होता, आणि तो विहिरीवर मोडला असं आता त्यालाही जवळजवळ खरं वाटत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. ती लाज आषाढभर त्याच्याबरोबर जंगलात फिरत होती.

सुनावणीच्या दिवशी त्यानं अठ्ठावीस वर्षांच्या वह्या पिशवीत भरल्या आणि खाकी शर्ट घातला. कॉलर दोनदा उलटून शिवलेला.

"आज मी सांगनार," तो म्हणाला. "सगळं सांगनार. व्हईल ते व्हईल."

 तो बटणं लावत होता. वरचं बटण त्याला लागेना. इंदूबाई पुढं झाली आणि तिनं ते लावून दिलं. तिला त्याची घामेजलेली मान दिसली, पांढरे खुंट दिसले. या माणसाला उभ्या जन्मात कुणी कायम म्हटलं नव्हतं.

सुनावणी शाळेच्या वर्गात होती. माणसं बाकांवर दाटीवाटीनं बसली होती. पुढं तीन अधिकारी, बाजूला सिद्रा. आबाजीच्या वह्या टेबलावर थप्पी करून ठेवल्या होत्या.

मधल्या अधिकाऱ्यानं अर्ज वाचला. मग तीन-चार वह्या मधूनच उघडून बघितल्या. माणूस वाईट नव्हता. शांतपणे म्हणाला, "बाई, तुमचा अर्ज सांगतो की तुम्ही अठ्ठावीस वर्षं या उतारावरून टहाळ नेलात. वही सांगते, निरंक. प्रत्येक महिन्याला निरंक. दोन्ही खरं असू शकत नाही. अर्ज खरा असेल तर तुमचा हक्क आम्ही नोंदवू. पण मग वही लिहिणाऱ्याची चौकशी होईल, त्याचं यादीतलं नावही जाईल. बोला."

 आबाजी उठला. बाकाला धरून उभा राहिला. "सायेब, मी काय सांगतो, ती वही..."

"सायेब, अर्ज खोटा हाय," इंदूबाई म्हणाली.

आबाजी उभाच राहिला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"खोटा म्हणजे?"

"म्हंजे मी कवा फांदी तोडली नाय. बाईमानूस कुटं झाडावर चढतं काय, सायेब?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. पाणवठ्यावर तिला हसणाऱ्या बायांपैकी दोघी तिथं होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माना खाली घातल्या.

सिद्रा उठली. "काकू, असं काय करता? तो हात दाखवा ना त्यांना. झाडावरून पडलात तेव्हाचा. अब्बांनी सांगितलंय मला."

"इहिरीवर पडले," इंदूबाई म्हणाली. "डाक्टरच्या कागदावर बी तेच हाय."

"इंदू," आबाजी म्हणाला. त्याच्या तोंडून चार माणसांत तिचं नाव आजवर कधी निघालं नव्हतं.

"तुमी बसा," ती म्हणाली.

आणि तो बसला. अठ्ठावीस वर्षांची सवय म्हणा, तो बसला. पुन्हा उठून बोलायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. उरलेल्या आयुष्यात त्यानं स्वतःला याच एका गोष्टीची माफी दिली नाही.

खोटा अर्ज केल्याबद्दल बाईंना समज देण्यात येत आहे, असं अधिकाऱ्यानं सांगितलं आणि लिहवून घेतलं. इंदूबाईनं वाकड्या हातानं कागद दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं सावकाश सही केली.

परतताना चढणीवर ती पुढं आणि तो मागं होता. अर्ध्या वाटेवर तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. ती थांबली.

"का गं असं क्येलंस?"

"तुमची वही इतकी वर्सं मीच राखली," ती म्हणाली. "कवा कुनाच्या नजरंस पडले नाय, पडले तवा ओरडले नाय. आता शेवटाला मीच फाडू काय? चला, गुरं बांदायचीत."

दिवाळीनंतर आबाजी कायम झाला. नवा खाकी शर्ट मिळाला, कडक इस्त्रीचा. कायम झाल्यावरचं पहिलं काम म्हणजे उताराच्या कडेनं चर खणून घेणं आणि तार मारून घेणं. त्यानं मजुरांच्या डोक्यावर उभं राहून ते करून घेतलं. एका जागी तारेचा खांब बरोबर पायवाटेत येत होता. तिच्याच पायांनी पडलेली वाट. त्यानं खांब दोन हात सरकवायला सांगितला. तेवढ्यानं काही होणार नव्हतं.

मग माघ आला.

आता वाट बदलायचं कारण उरलं नव्हतं. ऐनांवर कुणी चढणार नव्हतं. तरी पहिल्या दिवशी आबाजी घरातून निघाला आणि कड्याच्या अंगानंच गेला. आठही दिवस तसाच गेला. त्या झाडांखालून चालायची त्याची छाती झाली नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी तो ओटीवर वही घेऊन बसला. इंग्रजी महिना संपला होता. इंदूबाई गवताचा भारा टाकून आली, पायरीवर बसली आणि पायातला काटा काढायला लागली.

"तारंपातुर जाऊन आले," ती म्हणाली.

त्यानं वही मांडीवर मिटली.

"भरलीत झाडं. आंगभर पाला हाय. तारंपासनं, येवड्या लांबून, कवा बगितली नव्हती." तिनं काटा काढून टाकला. "सासू कंची, सून कंची, काय कळंना मला. दोनदा मोजली. येकदा पाच झाली, येकदा नऊ. कुबडा पन दिसला नाय, पाल्यात ग्येला. वैरी तरी दिसंल म्हनलं. माजी वळखूच आली नायत वो मला."

तिनं पदर तोंडाला लावला. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती आणि आबाजीला कळेना, हात कुठं ठेवावा. शेवटी त्यानं तो तिच्या वाकड्या मनगटावर ठेवला. तिनं ठेवू दिला.

अंधारायच्या आत त्याला वही पुरी करायची होती. अतिक्रमण निरंक. वणवा निरंक. पुढच्या ओळीवर त्याचं पेन बराच वेळ टेकून राहिलं, कागदावर शाईचा ठिपका पसरला. मग त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं : वृक्षतोड निरंक. इतक्या वर्षांतल्या कुठल्याही माघात हे पहिल्यांदाच खरं होतं.

"लिवलं काय?" तिनं विचारलं.

"लिवलं," आबाजी म्हणाला.